दर पावसाळ्यात हरवणारा रूट पासवर्ड

"सर, काळा पडदा आलाय आणि रूटचा पासवर्ड मागालाय. कुठला घालू?"

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका छोट्या सोसायटीतून हा फोन मला दोन पावसाळ्यांत तीन वेळा आला. तिन्ही वेळा मी बेळगावहून एसटी धरून गेलो, मशीन चालू करून दिलं, चहा पिऊन परत आलो. पहिल्या दोन वेळा खरं दुखणं तिथंच ठेवून आलो, हे तिसऱ्या वेळी कळलं. लिनक्स किंवा दुसऱ्या कुठल्या युनिक्सवर प्रशासकाचा, म्हणजे रूटचा, पासवर्ड हाताशी नसेल तर काय करायचं ते खाली आहे. पण त्याआधी मशीन तो पासवर्ड मागतंय कशाला, हे विचारायचं असतं. मी ते विचारलं नव्हतं.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात. टाइप करताना सगळी इंग्रजी छोटी अक्षरं. 'स्पेस' म्हटलं की मोकळी जागा, 'स्लॅश' म्हणजे उजवीकडं झुकलेली तिरकी रेघ, 'डॅश' म्हणजे छोटी आडवी रेघ.

पहिली फेरी: पासवर्ड खरंच नव्हता

मशीनवर डेबियन, उबुंटूसारखाच लिनक्सचा एक प्रकार. ज्या पोरानं ते बसवलं तो नोकरीला पुण्याला गेला, त्याचा नंबर बदलला, आणि रूटचा पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला. क्लार्कला रोजचं लॉगिन होतं, त्यावर पिग्मीचा हिशोब आणि कर्जखाती चालत. त्या लॉगिनला प्रशासकाचे अधिकार नव्हते. वर्षभर कुणाचं काही अडलं नाही. जुलैत एका दुपारी तीन-चार तास वीज गेली, यूपीएस संपला, वीज आल्यावर मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ: मेंटेनन्ससाठी रूटचा पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल-डी दाबून पुढं चला. कंट्रोल-डी दाबलं की थोड्या वेळानं पुन्हा तीच ओळ. संध्याकाळी पिग्मी एजंट पावत्या घेऊन दारात उभे.

फोनवर मी त्या ओळीतला 'पासवर्ड' ऐकला. 'मेंटेनन्स' ऐकलाच नाही.

अशा कामाला हात घालण्याआधी मी दोन गोष्टी मागतो. एक, अध्यक्ष किंवा सेक्रेटरी यांच्या सहीशिक्क्याचं पत्र, की अमुक मशीनचा पासवर्ड बदलून द्या. खाली लिहिलेली रीत मालकाला जशी चालते तशी चोरालाही चालते, म्हणून कागदाशिवाय मी ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, उघडत नाही. ओळखीच्या माणसांनाही हे सांगताना मला लाज वाटत नाही. दुसरी, ताजा बॅकअप. सेक्रेटरींना सगळे तात्या म्हणतात. मी म्हटलं, "तात्या, बॅकअपची डिस्क कुठं आहे?" ते म्हणाले, "घरी नेऊन ठेवलीय, इथं कौलं गळतात." घरी जाऊन डिस्क आणली, मशीनला लावली. ही डिस्क लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष रीत.

मशीन चालू होताना ग्रबचा मेनू पाहिजे. डेबियनवर तो पाच सेकंद आपोआप दिसतो. उबुंटूवर लपवलेला असतो: जुन्या बायोसचं (मशीन चालू होताच सगळ्यात आधी उठणारं सॉफ्टवेअर) मशीन असेल तर शिफ्ट दाबून धरायचं, त्याचा नवा अवतार यूईएफआय असेल तर एस्केपला टिचकी मारायची. टिचकी एकच. घाईत पाच-सहा वेळा एस्केप बडवलं तर मेनूऐवजी ग्रबचा रिकामा प्रॉम्प्ट येतो आणि माणूस आणखी घाबरतो. मग पुन्हा चालू करून पहिल्यापासून.

मेनूत पहिल्या ओळीवर असताना 'ई' दाबा. बूटची छोटी फाइल उघडते. तिच्यात 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, पडद्यावर ती बहुधा दोन ओळींत मोडलेली दिसते. त्यात 'आर ओ' अशी दोन अक्षरं सुटी असतात, म्हणजे डिस्क फक्त वाचायला उघड. त्याचं 'आर डब्ल्यू' करा. 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द असतील तर काढून टाका, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते दिसतं. मग ओळीच्या अगदी शेवटी एक स्पेस देऊन लिहा:

इनिट, बरोबरचं चिन्ह, स्लॅश, बिन, स्लॅश, बॅश

मध्ये कुठंही स्पेस नाही. फोनवर 'बिन'चं हमखास 'पिन' होतं, म्हणून मी सांगतो, "बिनपैशाचं बिन, बी आय एन." मग कंट्रोल-एक्स. हा बदल या एकाच बूटपुरता राहतो, फाइलमध्ये काही साठवलं जात नाही, त्यामुळं चुकलं तर बंद करून पुन्हा सुरू करायचं.

या शब्दांनी होतं काय? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्यात पहिला जो प्रोग्रॅम उठवतो त्याला इनिट म्हणतात. तोच पुढं लॉगिन वगैरे सगळा संसार मांडतो. आपण त्याला सांगितलं, संसार मांडू नकोस, नुसता शेल, म्हणजे कमांड लिहायची जागा, दे. लॉगिन विचारणाराच उठला नाही, तर पासवर्ड कोण विचारणार? समोर हॅशचं चिन्ह येतं आणि तुम्ही रूट असता.

डिस्क लिहायला उघडली आहे याची खात्री म्हणून ही ओळ चालवा, आधी 'आर डब्ल्यू' केलं असलं तरी चालवायला हरकत नाही:

माउंट, स्पेस, डॅश ओ, स्पेस, रीमाउंट, कॉमा, आर डब्ल्यू, स्पेस, स्लॅश

मग:

पी ए एस एस डब्ल्यू डी

मधले ओ आणि आर गाळलेले आहेत. दहातली नऊ माणसं इथं अख्खा 'पासवर्ड' लिहितात आणि 'कमांड नॉट फाउंड' आलं की मशीन बिघडलं म्हणतात. नवा पासवर्ड दोनदा मागेल. टाइप करताना ठिपके नाहीत, फुल्या नाहीत, कर्सरही हलत नाही. कीबोर्ड बंद पडलेला नाही, युनिक्सची रीतच तशी. उबुंटूत रूटचं खातं मुळातच कुलूपबंद असतं, तिथं रूटऐवजी मुख्य वापरकर्त्याचं नाव स्पेस देऊन पुढं लिहा आणि त्याचाच पासवर्ड बदला. नाव आठवत नसेल तर 'एल एस, स्पेस, स्लॅश होम' लिहिलं की घरांची यादी येते.

'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' आली तर घाबरू नका, शब्दच मोठे आहेत. बहुतेक वेळा डिस्क अजून वाचण्यापुरतीच उघडी असते, नाहीतर काठोकाठ भरलेली असते.

आता बाहेर पडणं. इथं 'एक्झिट' लिहू नका. तुमचा शेल हाच इनिट आहे, तो संपला की कर्नल 'पॅनिक' करून पडदाभर आकडे ओकतो. नुकसान बहुधा होत नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या चेअरमनचा चेहरा बघवत नाही. आधी 'सिंक', म्हणजे एस वाय एन सी, मग:

रीबूट, स्पेस, डॅश एफ

नुसतं 'रीबूट' चालत नाही, कारण ते ज्याला निरोप देतं तो सिस्टमडी, म्हणजे नेहमीचा इनिट, अजून उठलेलाच नाही.

फेडोरा, रॉकी, अल्मा या रेड हॅटच्या घराण्यात एक जादा पायरी आहे. तिथं एसईलिनक्स नावाचा सुरक्षेचा पहारेकरी प्रत्येक फाइलवर लेबल लावून ठेवतो, आणि आपण असं मागच्या दारानं पासवर्डची फाइल बदलली की तिचं लेबल जातं. परिणाम असा की नवा पासवर्ड बरोबर असूनही मशीन आत घेत नाही. म्हणून रीबूटआधी:

टच, स्पेस, स्लॅश, डॉट, ऑटोरीलेबल

पुढच्या बूटला मशीन सगळ्या फाइलींना नवी लेबलं लावतं आणि स्वतःच पुन्हा रीबूट होतं. डिस्क मोठी असेल तर बराच वेळ लागतो. मध्येच बटण दाबून बंद करू नका, चहा मागवा.

सोसायटीतलं मशीन झटक्यात उठलं. नवा पासवर्ड तात्यांच्या वहीत लिहून दिला आणि एसटीनं परतलो. काम फत्ते, असं मला वाटलं.

दुसरी फेरी: ॲटचं चिन्ह

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा फोन. तोच काळा पडदा. "वहीतला घाला की," म्हटलं. "घालालोय, घेईना झालाय." आधी वाटलं क्लार्क आपला रोजचाच पासवर्ड घालतोय. तेही होतंच: पडदा रूटचा मागतो आणि माणूस स्वतःचा देतो, ही चूक मी किती वेळा बघितलीय. मग तात्यांनी स्वतः वही धरून एकेक अक्षर वाचत घातला, तरी नाही.

पासवर्डात मी ॲटचं चिन्ह घातलं होतं, सगळेच घालतात तसं. त्या पोरानं मशीन बसवताना कीबोर्ड विचारल्यावर अमेरिकन सोडून ब्रिटिश इंग्रजी निवडलं होतं. ब्रिटिश मांडणीत शिफ्ट-दोन दाबलं की ॲट येत नाही, दुहेरी अवतरणचिन्ह येतं. ॲट असतो एंटरजवळच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर. मी ग्रबमधून आत गेलो तेव्हा मशीननं ब्रिटिश मांडणी वाचलीच नव्हती, कर्नल आपल्या अमेरिकन मांडणीवरच होता. म्हणजे पासवर्ड साठला ॲटसकट, आणि तात्यांच्या बोटांनी गेलं अवतरणचिन्ह. पडद्यावर काही दिसत नसल्यानं कळायला मार्ग नव्हता.

तेव्हापासून मी ग्रबच्या मार्गानं पासवर्ड ठेवताना फक्त छोटी अक्षरं आणि आकडे वापरतो, थोडा लांब. चिन्हं घालायचीच असतील तर नीट लॉगिन झाल्यावर, नेहमीच्या मांडणीत. आकडेही वरच्या ओळीतले, उजवीकडच्या चौकोनातले नकोत, नाहीतर न्यूम लॉकचा वेगळा घोळ.

आमच्या भागात याच दुखण्याचा मोठा भाऊ भेटतो. सोसायटीचे ठराव मराठीत, सरकारी नमुने कन्नडमध्ये, सॉफ्टवेअर इंग्रजीत, म्हणून एका कीबोर्डला तीन मांडण्या लावलेल्या असतात. कन्नडमध्ये पत्र लिहून झालं, मांडणी तशीच राहिली, मग कुणी प्रिंटर जोडायला गेलं की खिडकी प्रशासकाचा पासवर्ड मागते. कळा इंग्रजीच्या दाबल्या, आत गेली कन्नड अक्षरं, पडद्यावर ठिपके मात्र सारखेच गोल. चौकशी केली की उत्तर ठरलेलं: "पासवर्ड यारिगू गोत्तिल्ला री," म्हणजे पासवर्ड कुणालाच माहीत नाही. अहो माहीत आहे सगळ्यांना, कळा चुकतायत. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण बघा. किंवा साधा टेक्स्ट एडिटर उघडून त्यात पासवर्ड लिहून बघा काय उमटतं ते, आणि न साठवता बंद करा.

या फेरीतही काम सुरू करण्याआधी मी बॅकअपची डिस्क मागवली. तात्यांनी घरून आणली, लावली, मशीन उठलं. पासवर्ड बदलला. आता नक्की संपलं, म्हटलं.

तिसरी फेरी: नव्वद सेकंद

पुढच्या जूनमध्ये पाऊस असा की खानापूरहून पुढं वाट दिसेना. मी पोचलो तेव्हा तात्या यायचे होते. क्लार्कनं शटर उघडलं, मी बसल्याबसल्या मशीन चालू केलं. डिस्क अर्थातच तात्यांच्या घरी. बूट होता होता मशीन एका ओळीवर अडलं. डावीकडं लाल फुल्या इकडून तिकडं फिरतायत, पुढं एका डिस्कचा लांबलचक आयडी, आणि शेवटी घड्याळ: दीड मिनिटाची मुदत, त्यातली इतकी सेकंदं झाली. नव्वद सेकंद भरली, आणि लगेच ती ओळ: मेंटेनन्ससाठी रूटचा पासवर्ड द्या.

मशीन डिस्कची वाट बघत होतं. ती मिळाली नाही म्हणून दुरुस्तीला माणूस बोलवत होतं, आणि दुरुस्ती करणारा रूट असावा म्हणून पासवर्ड विचारत होतं.

त्या पोरानं बॅकअपची यूएसबी डिस्क 'एफस्टॅब' फाइलीत नोंदवली होती. बूटच्या वेळी कुठल्या डिस्का कुठं जोडायच्या, याची ती यादी. यादीतली डिस्क सापडली नाही तर सिस्टमडी डीफॉल्टनं नव्वद सेकंद थांबतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातो. मशीन एरवी रात्रंदिवस चालू, त्यामुळं डिस्क घरी नेली तरी काही बिघडायचं नाही. यूपीएस संपेपर्यंत वीज गेली आणि त्याच वेळी डिस्क घरी असली, असं दोन्ही जुळलं तरच पडदा यायचा. ते जुळायचं पावसाळ्यात: वीजही तेव्हाच जाते आणि कौलं गळतात म्हणून डिस्क घरीही तेव्हाच जाते. आणि मी आल्या आल्या आधी बॅकअप म्हणून डिस्क मागवायचो, ती लागली की मशीन गुमान उठायचं. माझ्या सावधपणानंच दोन फेऱ्या कारण झाकून ठेवलं.

उपाय एका शब्दाचा. एफस्टॅब ही फाइल 'ईटीसी' फोल्डरमध्ये असते. ती नॅनो या साध्या एडिटरनं उघडा, त्या डिस्कच्या ओळीत जिथं 'डीफॉल्ट्स' लिहिलंय तिथं लगेच पुढं कॉमा देऊन, स्पेस न सोडता, 'नोफेल' जोडा, एन ओ एफ ए आय एल. साठवून 'फाइंडमाउंट'ची तपासणी चालवा, तिचं स्पेलिंग एफ आय एन डी एम एन टी:

फाइंडमाउंट, स्पेस, डॅश डॅश, व्हेरिफाय

यादीत काही चुकलं असेल तर ती सांगते. मग डिस्क काढून मुद्दाम रीबूट करून बघा. हे बघितल्याशिवाय तिथून उठू नका, मी दोनदा उठलो होतो.

नोफेलनंतर एक खड्डा आहे, तोही सांगतो. डिस्क नसताना तिच्या जागी रिकामा फोल्डर उरतो. रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टला फरक कळत नाही, ती त्या फोल्डरातच, म्हणजे मशीनच्याच डिस्कवर, बॅकअप टाकत राहते. काही आठवड्यांत डिस्क भरते आणि बॅकअप झाला असं सगळ्यांना वाटत राहतं. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट' कमांडनं विचारा, डिस्क जोडलेली आहे का, आणि नसेल तर तिथंच थांबा.

डिस्क भरली की काय होतं, ते दुसऱ्या एका कार्यालयात बघायला मिळालं. रंगीत लॉगिनवर पासवर्ड दिला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिन. 'पासवर्ड चुकला' असा शब्दही नाही. पासवर्ड चुकला तर मशीन तसं सांगतं. न सांगता माघारी पाठवत असेल तर पासवर्ड बरोबर आहे, आत बसायला जागा नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट लॉगिनवर जा, लॅपटॉपवर कधी एफएनही दाबावं लागतं. तिथं आत शिरता आलं तर 'डी एफ, स्पेस, डॅश एच' चालवा आणि कुठं शंभर टक्के दिसतंय ते बघा.

चौथा प्रयत्न बरोबर होता

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत रॉकी लिनक्सचा सर्व्हर. पासवर्डचा कागद सापडला, पण त्यावर पासवर्डच्या जागी इशारा: 'गावाचं नाव, पहिलं अक्षर मोठं, मग बसवल्याचं वर्ष'. आता बेळगावात हा इशारा देणाऱ्यानं काय विचार केला असेल कोण जाणे. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. इंग्रजीत जुनं स्पेलिंग सात अक्षरांचं, नवं आठ अक्षरांचं, आणि घाईत लिहिणारे मधला 'ए' गाळून तिसरंच एक लिहितात. सर्व्हर नाव बदलल्यानंतरचा, म्हणून ऑफिसातल्या मंडळींनी आधी नवं स्पेलिंग घातलं, मग 'ए' गाळून, मग सगळी मोठी अक्षरं, आणि चौथ्यांदा जुनं. एकही लागलं नाही. मग मला बोलावलं, "रीसेट करून द्या."

मी रीसेट न करता विचारलं, कुठल्या क्रमानं घातलेत ते सांगा. या सर्व्हरवर 'फेललॉक' चालू ठेवलेलं होतं. त्याचा डीफॉल्ट हिशोब असा: तीन चुका झाल्या की खातं दहा मिनिटं बंद, त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही चुकीचाच ठरतो. दहा मिनिटं कुणी कळेला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, आणि मग पहिल्या झटक्यात जुनं सात अक्षरी स्पेलिंग घातलं. उघडलं. बसवणाऱ्याच्या बोटांवर जुनंच नाव होतं, आम्हा सगळ्यांच्या आहे तसं.

रूटचं पाठबळ हाताशी असेल तर थांबायचीही गरज नाही, फेललॉकला वापरकर्त्याचं नाव आणि 'रीसेट' दिलं की कुलूप निघतं.

आणखी एक फसवं प्रकरण: पासवर्ड चालतो, पण सुडो, म्हणजे साध्या लॉगिनमधून रूटच्या अधिकारानं काम करू देणारी कमांड, म्हणते, तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही. बहुधा कुणीतरी 'यूजरमॉड'नं त्या माणसाला नव्या गटात घालताना नुसतं 'डॅश मोठा जी' वापरलं आणि आधीचे सगळे गट पुसले, त्यात सुडोही गेला. तिथं आधी 'छोटा ए' जोडून 'डॅश ए मोठा जी' पाहिजे होतं. पासवर्ड बदलून इथं काही होत नाही. वरच्याच रीतीनं आत जाऊन गट परत द्या: डेबियन-उबुंटूत 'सुडो', रेड हॅटकडं 'व्हील'.

ग्रबच उघडेना तर

ग्रबवर पासवर्ड लावलेला असेल तर 'ई' दाबून भागत नाही. मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करायचं, 'एल एस बी एल के'नं मूळ डिस्क ओळखायची, ती 'एम एन टी' फोल्डरवर माउंट करायची, 'सी एच रूट'नं तिच्यात शिरायचं आणि तिथं पासवर्ड बदलायचा. डिस्का एलव्हीएमवर (डिस्का एकत्र करून हवे तसे भाग पाडणारी व्यवस्था) असतील तर आधी ते जागं करावं लागतं.

लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी हे दुसरं युनिक्स असेल तर काम आणखी सोपं: बूट मेनूत दोन दाबून सिंगल यूजर, शेल विचारल्यावर नुसतं एंटर, मग 'माउंट, स्पेस, डॅश यू, स्पेस, स्लॅश', मग पासवर्डची तीच कमांड, आणि इथं मात्र 'एक्झिट' चालतं. 'टीटीवायएस' फाइलीत कन्सोल 'इनसिक्युअर' लिहून ठेवलं असेल तर तो सिंगल यूजरलाही पासवर्ड मागतो, मग पेनड्राइव्हच.

डिस्क लक्सनं, म्हणजे लिनक्सच्या डिस्क कुलूपबंद करायच्या रीतीनं, एन्क्रिप्ट केलेली असेल आणि तिचा पासफ्रेज गेला, तर मी हात जोडतो. एका वकिलांना हे सांगताना वाईट वाटलं, पण तिथं मागचं दार नाही, असतं तर एन्क्रिप्शनला अर्थच राहिला नसता. बॅकअप शोधा.

"बदलू नका, जुना काय होता तेवढं सांगा," असंही लोक म्हणतात. सांगता येत नाही. 'शॅडो' फाइलीत पासवर्ड नसतो, त्याचा हॅश असतो. मिरची कांडून तिखट होतं, तिखटाची मिरची होत नाही, तसं ते. तुम्ही पासवर्ड देता तेव्हा मशीन तोही कांडून बघतं आणि दोन्ही तिखटं जुळली की आत घेतं. फक्त एकेक अंदाज कांडून जुळवत बसता येतं. युनिक्स ज्यांनी घडवलं त्या केन थॉम्पसन यांचा स्वतःचा जुना हॅश असाच कित्येक वर्षं लोकांना चकवत होता. तो २०१९ मध्ये फुटला, एका ग्राफिक्स कार्डावर चार दिवस चालवून. निघाली ती बुद्धिबळातली वजिरापुढच्या प्याद्याची चाल, चाली लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत लिहिलेली. आठ अक्षरं. आणि तो हॅश तर आजच्या मानानं कच्चा होता. आता डेबियन जो 'येसक्रिप्ट' वापरतो तो मुद्दाम सावकाश आणि मेमरीखाऊ बनवलेला आहे. सोसायटीच्या पासवर्डासाठी कुणी हे करत बसू नये.

रीसेटनंतर एक किरकिर उरते. रंगीत लॉगिनवर 'कीरिंग उघडली नाही' असं येत राहतं, कारण वायफायचे वगैरे पासवर्ड जुन्याच किल्लीत बंद असतात. जुना आठवत नसेल तर ती कीरिंग टाकून नवी करावी लागते, आणि वायफायचा पासवर्ड पुन्हा घालावा लागतो.

पाकीट

ज्याच्या हाताला कीबोर्ड लागतो त्याला रूट मिळतो, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणून सर्व्हर व्हरांड्यात ठेवू नका, तो कुलपाच्या खोलीत जाऊ द्या. ग्रबला आणि बायोसला पासवर्ड लावा, पण तोही रूटच्या पासवर्डाबरोबर एकाच पाकिटात.

तात्यांच्या सोसायटीत आता रूटचा पासवर्ड लिफाफ्यात, लिफाफा तिजोरीत, चिकटवलेल्या जागेवर चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांची आडवी सही. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा आणि नवं पाकीट करायचं, असा ठराव बुकात आहे. शिवाय क्लार्कच्या रोजच्या लॉगिनपेक्षा वेगळं, सुडो असलेलं दुसरं खातं तात्यांच्या नावानं केलंय, म्हणजे एक माणूस आजारी पडला तर दुसरा आहे.

यंदा मे महिन्यात, पावसाआधी, आम्ही पाकीट उघडून पासवर्ड चालतो का ते बघितलं. पहिल्या खेपेला चालला नाही. तात्यांच्या अक्षरात शून्य आणि 'ओ' जुळे भाऊ. दुसऱ्या खेपेला उघडला. मग तात्यांनी नवा कागद घेतला, एकेक अक्षर चौकोन आखून लिहिलं, आणि चौथ्या चौकोनाखाली लाल पेनानं मराठीत टीप टाकली: "हा शून्य आहे, ओ नव्हे. नवाखालची कळ नाही, नवाच्या उजवीकडची."